क्रमांक आणि नाव

सोलापूरहून वाडीकडे निघालेली गाडी अक्कलकोट रोड, बोरोटी मागे टाकून दुधनीला येते, तेव्हा महाराष्ट्र संपत आलेला असतो. या सीमेवरच्या गावी इंटरनेटच्या एका लहानशा जोडणीचे काम काही काळ आमच्याकडे होते. तिथे घडलेली आमची एक चूक अजून विसरता येत नाही.

राउटरला जितक्या जोडण्या, तितकी त्याला दारे. त्यांना इंटरफेस म्हणतात. एसएनएमपी या देखरेखीच्या व्यवस्थेत या दारांचा एक तक्ता असतो. दाराचे वर्णन, ते चालू की बंद, किती बाइट आत आले, किती बाहेर गेले, असे त्याचे रकाने. प्रत्येक ओळीला एक क्रमांक असतो, इफइंडेक्स. १९९१ च्या आरएफसी १२१३ ची अपेक्षा इतकीच, की यंत्र एकदा सुरू झाल्यापासून पुन्हा सुरू होईपर्यंत तो बदलू नये. पुढची हमी नाही.

आम्ही वापराचे आलेख या क्रमांकांवरच बेतले होते. एकदा राउटरमध्ये नवे कार्ड बसवले आणि तो पुन्हा सुरू केला. दारे नव्याने मोजली गेली. आलेख मात्र जुन्याच क्रमांकांची विचारपूस करत राहिले. एका अडत दुकानाचा वापर एकाएकी आभाळाला भिडलेला दिसला. आम्ही फोन करून मालकांना चार शब्द सुनावले. ते शांतपणे म्हणाले, "साहेब, लेकीच्या लग्नासाठी चार दिवस दुकान बंद आहे. कुलपाआड कोण नेट वापरणार?" तपासले तेव्हा तो सगळा भार आमच्याच कचेरीच्या दाराचा निघाला.

साहित्याच्या अभ्यासकाला हा घोटाळा नवा नाही. विष्णु परशुरामशास्त्री पंडितांनी १८६९ व १८७३ साली दोन भागांत काढलेल्या तुकारामगाथेतला क्रमांक घेऊन जोगमहाराजांची गाथा उघडावी, तर भलताच अभंग समोर येतो. क्रमांक हा अभंगाचा नसतो, त्या आवृत्तीतल्या जागेचा असतो. म्हणून जाणकार पहिला चरण सांगतात.

राउटरलाही असा पहिला चरण आहे. २००० सालच्या आरएफसी २८६३ मध्ये इफएलियस नावाचा रकाना आहे. त्यात चौसष्ट अक्षरांपर्यंतचे नाव आपण द्यायचे, आणि क्रमांक बदलला तरी ते टिकले पाहिजे, असा नियम आहे. सिस्कोच्या अनेक राउटरांवर क्रमांकही टिकवता येतो, पण त्यासाठी वेगळी आज्ञा देऊन मांडणी जतन करावी लागते. आम्ही दोन्ही केले, आणि आलेख नावांवर बेतले.

मग दुकानी जाऊन क्षमा मागितली. चूक कशी झाली तेही सांगितले. मालकांनी खतावणी पुढे ओढली. "वही बदलली की पान नंबर बदलतो, साहेब. खातं माणसाच्या नावानं असतं."

त्या रकान्यात देवनागरी चालत नाही. दुकानाचे नाव आम्ही रोमन अक्षरांत लिहिले, आणि बरोबर उमटले ना, हे त्यांनाच वाचून दाखवले.