वरवंडची वाट आणि वालचंदांची मालमोटार

पुण्याहून सोलापूरकडे निघालेला प्रवासी उरुळी कांचन, यवत आणि चौफुला मागे टाकून सुमारे ६० किलोमीटरवर दौंड तालुक्यातील वरवंडला पोहोचतो. गावाजवळचा व्हिक्टोरिया तलाव ब्रिटिश अमदानीतला. खडकवासल्याहून निघालेल्या मुठा उजव्या कालव्याचे पाणी येथवर येते. आषाढी वारीत संत तुकाराम महाराजांची पालखी वरवंडला मुक्काम करते आणि दुसऱ्या दिवशी पाटसहून रोटी घाट चढून उंडवडीकडे वळते. अशा रीतीने पाणी आणि वाट या दोन देण्यांवर हे गाव उभे आहे.

कालव्याच्या पाण्याने या अवर्षणप्रवण टापूत ऊस आणला. उसापाठोपाठ गुऱ्हाळे आली आणि पुढे पाटसला भीमा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. मात्र उसाचा स्वभाव धीराचा नाही. तोडलेला ऊस लवकर गाळला नाही, तर साखरेचा उतारा घटतो. आगगाडी केडगाव, पाटस अशा ठराविक स्थानकांवरच थांबते. ती कोणाच्या शेताच्या बांधापर्यंत येत नाही. स्थानक आणि बांध यांमधले अंतर शतकानुशतके बैलाच्या खांद्यावर होते.

ते अंतर तोडणारे वाहन म्हणजे मध्यम वजनाची डिझेल मालमोटार. डिझेल इंजिनात ठिणगी टाकणारा प्लग नसतो. हवा इतकी दाबली जाते की ती तापते आणि तिच्यात फवारलेले इंधन आपोआप पेटते. त्यामुळे इंधन कमी लागते आणि चाक संथ फिरत असतानाही ओढ जबर मिळते. भरलेला ट्रक घाट चढवायचा असेल किंवा शेतातल्या चाकोरीतून बाहेर काढायचा असेल, तर नेमका हाच गुण कामी येतो.

या मालमोटारीच्या भारतातील जन्मकथेशी सोलापूरच्या वाटेचे नाते आहे. वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूरच्या दिगंबर जैन कुटुंबात झाला. रेल्वेच्या बांधकामाची कंत्राटे घेत त्यांनी व्यवसायाला आरंभ केला आणि पुढे जहाज, विमान व मोटार या तिन्ही उद्योगांत पाऊल टाकले. १९४४ मध्ये त्यांनी प्रीमिअर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी करार करून मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात १९४७ पासून गाड्या जुळवल्या जाऊ लागल्या. डॉज, डिसोटो आणि फार्गो ही त्या ट्रकांची नावे. नावे तीन असली तरी गाडी मूलतः एकच होती. पुढे या ट्रकांना पर्किन्स बनावटीचे डिझेल इंजिन बसू लागले.

त्याच काळात युद्धाने पोळलेला फ्रान्सही हाच प्रश्न सोडवीत होता. कोणत्या कारखान्याने किती वजनाचा ट्रक बनवावा, हे तेथील सरकारने पॉन्स योजनेद्वारे ठरवून दिले. लिऑनच्या बर्लिए कंपनीचे ट्रक त्या देशाच्या पुनर्बांधणीत राबले. भारतात १९५३ मध्ये टॅरिफ आयोगाच्या शिफारशींनंतर धोरण ठरले, की सुटे भाग येथेच बनवण्याचा कार्यक्रम असणाऱ्यांनाच गाड्या काढता येतील. केवळ परदेशी भागांची जुळणी करणाऱ्या जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी येथील कारखाने बंद केले. प्रीमिअर टिकली, परंतु त्याच वर्षी, ८ एप्रिलला, वालचंद कालवश झाले होते. १९५४ मध्ये जमशेदपूरहून टाटा-मर्सिडीज ट्रक बाहेर पडला, मद्रासहून लेलँड आला आणि कालांतराने फार्गो-डॉज मागे पडले.

या पहिल्या पिढीच्या ट्रकांचे रूप जुन्या मंडळींना आठवत असेल. पुढे आलेले लांब बॉनेट, मागे लाकडी हौदा. कारखान्यातून बहुधा चॅसी आणि तोंडाचा पत्रा तेवढा येई. केबिन आणि हौदा सुतार, लोहार व रंगारी घडवीत. म्हणजे यंत्र परदेशी वळणाचे असले, तरी अंग येथल्या कारागिरांच्या हातचे असे.

श्रावकाच्या दृष्टीने या वाहनाला आणखी एक अर्थ आहे. अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत ‘अतिभारारोपण’ हा एक अतिचार सांगितला आहे. मुक्या जिवावर शक्तीपलीकडे ओझे लादणे हा तो दोष. मालमोटारीने कोट्यवधी मणांचे ओझे बैलाच्या मानेवरून उतरवले, हे तिचे न बोललेले पुण्य. तथापि ते काम अपुरे राहिले आहे. गाळप हंगामात आजही महाराष्ट्रातील अनेक कारखान्यांच्या दारी ट्रक आणि ट्रॅक्टरांच्या बरोबरीने उसाच्या बैलगाड्यांची रांग लागते. १९६० चा प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायदा आणि ओझ्याची मर्यादा ठरवणारे १९६५ चे नियम असूनही मोळ्यांची उंची कमी होताना दिसत नाही. या गाड्या हाकणारी ऊसतोड कुटुंबेही सुखासाठी घर सोडून आलेली नसतात. उचल घेतलेली असते, खेपेवर मजुरी ठरते. म्हणून भार वाढतो. बैलावरची करुणा त्या माणसाला वगळून पुरी होत नाही.

वरवंडहून तोच रस्ता कुरकुंभ, भिगवण, इंदापूर करीत सोलापूरला जातो. इंदापूर तालुक्यातील कळंबच्या माळावर वालचंदांनी साखर कारखाना काढला आणि त्याभोवती वालचंदनगर वसले. त्या बाजूला जाणाऱ्या कुटुंबांनी प्रवास गाळप हंगामात आखावा. वाटेत उसाची गाडी दिसली, तर मुलांना तिचे जू आणि शेजारून जाणाऱ्या ट्रकचे चाक, दोन्ही दाखवावीत. हॉर्न न वाजवता गाडीला वाट द्यावी आणि पाण्याची बाटली जवळ असल्यास गाडीवानाच्या हाती द्यावी.