तक्रार, तकरार आणि पाच तारे

माझ्या खालाची मुलगी सोलापुरात पार्लर चालवते. छोटी खोली, दाराला जाड पडदा, दोन खुर्च्या, भिंतभर आरसा आणि बाहेर पाटीवर मराठीत व उर्दूत ‘फक्त महिलांसाठी’. शहर सोलापूर, त्यामुळे आतल्या बाकावर उर्दू, मराठी, तेलुगू आणि कन्नड बोलणाऱ्या बायका एकीला लागून एक बसलेल्या असतात. आयब्रो करताना तिचा हात फार हलका चालतो. लिहायचं म्हटलं की मात्र तिला घाम फुटतो. मोबाइलच्या नकाशात तिच्या दुकानाच्या नावाखाली कुणी काही लिहिलं, की त्याचा स्क्रीनशॉट मला येतो आणि खाली एकच वाक्य, ‘आपा, क्या लिखूँ?’ मी शाळेत उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते, म्हणून हे काम माझ्या गळ्यात आलं. गेली तीन वर्षं मी तिच्या गिऱ्हाइकांची मतं वह्या तपासाव्यात तशी वाचते आहे. दुकानाचं नुकसान किती झालं हे ताऱ्यांच्या आकड्यावरून कळत नाही, एवढं मला त्यातून पक्कं समजलं आहे.

वर्गात मी एक शब्द दरवर्षी फळ्यावर लिहिते. अरबीत ‘तकरार’ म्हणजे तीच गोष्ट पुन्हा पुन्हा करणं. उर्दूत आल्यावर त्याचा अर्थ झाला वाद, हुज्जत. मराठीत तो ‘तक्रार’ झाला आणि गाऱ्हाणं सांगू लागला. उर्दूत त्याला आपण शिकायत म्हणतो. मुलांना गंमत वाटते. पार्लरवर आलेलं प्रत्येक वाईट मत वाचताना मी आधी हेच बघते, की ही मराठीतली तक्रार आहे की उर्दूतली तकरार. पहिलीला उत्तर द्यावं लागतं. दुसरीत पडायचं नसतं.

मागच्या वर्षी रमजानच्या थोडं आधी एका बाईंनी एक तारा दिला. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलेलं होतं. केसांना रंग लावून घेतला, रात्री कानामागे आणि कपाळावर खाज सुटली, सकाळी डोळे सुजले, डॉक्टरकडे जावं लागलं, लावण्याआधी कुणी काही विचारलंसुद्धा नाही. बहीण भडकली होती. ‘चार वर्षांपासून तोच रंग लावते ही माझ्याकडून. आत्ताच कशी खाज सुटली? जलती है.’ उत्तर तिने स्वतःच लिहून पाठवलं होतं, मी फक्त शुद्धलेखन बघायचं होतं. त्यात एक वाक्य असं होतं : तुमचे पांढरे केस चार वर्षांपासून मीच झाकते आहे.

ते वाक्य मी आधी काढायला लावलं. पार्लरवालीला जे माहीत असतं ते घरात नवऱ्यालाही माहीत नसतं. कुणाचे केस गळतात, कुणाच्या हनुवटीवर राठ केस येतात, कुणाच्या पाठीवर डाग आहेत, कुणी लग्नाआधी काय काय करून घेतलं. ही अमानत आहे. गिऱ्हाईक आपल्याबद्दल वाटेल ते लिहो, अमानत फोडायचा हक्क त्यामुळे मिळत नाही. इथे पार्लरवाली गिऱ्हाइकापेक्षा दुबळी असते हे खरं आहे, कारण गिऱ्हाईक सगळं सांगू शकतं आणि तिने निम्मं पोटात ठेवायचं असतं. धंदाच तसा आहे.

मग मी विचारलं, पॅच टेस्ट केली होतीस का? फोनवर थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही.

काळ्या रंगाच्या बहुतेक डब्यांत पीपीडी नावाचं रसायन असतं. कित्येकांना ते चालतं, काहींना अजिबात चालत नाही, आणि वर्षानुवर्षं चाललेलं एक दिवस अचानक चालेनासं होऊ शकतं. ‘चार वर्षांपासून’ या शब्दांना म्हणूनच काही किंमत नाही. डब्यातल्या कागदावरही लिहिलेलं असतं, की दरवेळी ४८ तास आधी थोडा रंग कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघा. आपल्याकडे लग्नात आणि ईदला जी झटपट चढणारी ‘काळी मेंदी’ लावतात, तिच्यातही पुष्कळदा हेच रसायन मिसळलेलं असतं, आणि एकदा त्या मेंदीने हातावर फोड उठले असतील तर पुढे केसांचा रंग जास्तच जपून लावावा लागतो. खरी मेंदी काळी नसते, तांबूस असते. हे आयांनी मुलींना सांगायला हवं, पण तो वेगळा विषय.

उत्तर शेवटी चार ओळींचं झालं. तुम्हाला त्रास झाला याचं वाईट वाटतं. रंग लावण्याआधी चाचणी घ्यायला हवी होती, ती आम्ही घेतली नाही. पैसे परत घेऊन जा, आणि डॉक्टरांना दाखवण्यासाठी रंगाचा डबा जपून ठेवला आहे. यापुढे चाचणीशिवाय रंग लावणार नाही. बहिणीच्या नवऱ्याला हे पसंत नव्हतं. त्याचं म्हणणं, लेखी कबुली दिली, उद्या ती बाई ग्राहक मंचात गेली तर? भीती अगदीच खोटी नव्हती. पण चाचणी घेतली नाही हे खरंच होतं. शिवाय ते उत्तर त्या एकट्या बाईसाठी नव्हतं. नकाशावर दुकान शोधणारी परकी बाई आधी वाईट मतं उघडते आणि मालकिणीने काय म्हटलं ते बघते. बाई पैसे घेऊन गेल्या. महिन्याभराने त्यांनी एकाचे तीन तारे केले. परत आल्या मात्र नाहीत. आता पार्लरमध्ये रंगासाठी एक वेगळी वही आहे, चाचणीची तारीख लिहिल्याशिवाय ब्रश हातात घ्यायचा नाही.

याच सुमारास घरातल्या एका मोठ्या बाजींनी मला विचारलं, असं नाव घेऊन जगाला वाईट सांगणं ही गीबत नाही का? प्रश्न मला आवडला. गीबत म्हणजे पाठीमागे सांगितलेलं खरं वैगुण्य आणि बोहतान म्हणजे न केलेल्याचा आळ, हा फरक आपल्याला लहानपणापासून शिकवलेला असतो. पण तेराव्या शतकातल्या इमाम नववींनी ‘रियाज़ुस्सालिहीन’मध्ये गीबतचं प्रकरण संपताच पुढे सहा प्रसंग मोजून दिले आहेत, जिथे दुसऱ्याचं वाईट सांगायला परवानगी आहे. जुलमाची फिर्याद हा एक. लोकांना नुकसानापासून सावध करणं हा दुसरा. रंगाने डोळे सुजलेल्या बाई या दोन्हींत बसतात. त्यांनी लिहिलं ते बरोबर केलं. त्यांच्या मताने दुखावलेल्या माझ्या बहिणीलाही हे पटायला दोन दिवस लागले, पण पटलं.

पुढचं मात्र त्या सहांपैकी कशातच बसत नव्हतं. चांदरातीला मेंदीसाठी रांग असते, रात्री दोनपर्यंत शटर वर. ईदच्या दुसऱ्या दिवशी सात जणांनी एकेक तारा दिला. शब्द एकही नाही. त्यातली पाच नावं पुरुषांची, आणि या दुकानात पुरुष पाऊलही टाकत नाही. कुणी केलं हे आम्हाला कळलं नाही आणि अंदाजावर कुणाचं नाव घेणं हे पुन्हा बोहतानच. मालकिणीला असं मत स्वतः पुसता येत नाही. त्यावर खूण करून, कारण निवडून कळवायचं आणि वाट पाहायची. ‘मला आवडलं नाही’ हे कारण चालत नाही. ‘हे गिऱ्हाईक नाही, खोटं मत आहे’ हे चालतं. आम्ही सातही कळवली, चार निघाली. उरलेल्या तिनांखाली एकसारखी एकच ओळ लिहिली, की हे पार्लर फक्त महिलांसाठी आहे, आपण कधी आला होता ते फोन करून सांगा. बस.

भाच्याने वेगळाच उपाय आणला. कुणीतरी पैसे घेऊन पन्नास पंचतारांकित मतं लिहून देतो म्हणे. शिवाय घरातल्या सगळ्यांनी आपापल्या फोनवरून एकेक टाकायचं. मी त्याला सांगितलं की भारतीय मानक ब्यूरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन मतांसाठी आयएस १९००० नावाचं मानक काढलं आहे, आणि विकत घेतलेली किंवा दुकानदाराने माणसं लावून लिहून घेतलेली मतं छापू नयेत असं त्यात आहे. ‘बंधनकारक आहे का?’ त्याने लगेच विचारलं. नाही, ऐच्छिक आहे. तो हसला. मग मी त्याला विचारलं, तू तिथे न जाता ‘गेलो, उत्तम काम’ असं लिहिणार, याला काय म्हणतात? झूठी गवाही. तिची गणना कुठे होते ते त्याला मदरशात शिकवलेलं आहे. तो हसायचा थांबला, पण चिडलासुद्धा, आणि दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

वकिलाचं नावही कुणीतरी काढलं होतं. अब्रुनुकसानी आता भारतीय न्याय संहितेच्या ३५६ व्या कलमात आहे, १ जुलै २०२४ पासून. अब्रू हा शब्द फारसी, आब म्हणजे पाणी आणि रू म्हणजे चेहरा, चेहऱ्यावरचं पाणी. शब्द सुंदर आहे. पण आयब्रोचे पन्नास रुपये घेणाऱ्या बाईने तारखांना जाऊन दुकान किती दिवस बंद ठेवायचं?

माझी झोप उडवली ती यातल्या कशानेही नाही. एका कॉलेजच्या मुलीने पाच तारे दिले, भरभरून लिहिलं आणि सोबत आपल्या नव्या हेअरकटचा फोटो लावला. फोटो आरशासमोर काढलेला. आरशात मागच्या खुर्चीवर बसलेली दुसरी बाई स्पष्ट दिसत होती, केस मोकळे, अंगावर पार्लरचा झगा. ती बाई घराबाहेर नकाब घालते. दाराला जो जाड पडदा लावलेला आहे तो तिच्यासारख्यांसाठीच, आणि पडद्याच्या आतला तिचा चेहरा आता नकाशावर दुकानाच्या नावाखाली कुणालाही बघता येत होता. रात्री साडेदहाला बहिणीचा फोन आला तेव्हा ती रडत होती. एक ताऱ्याने ती कधी रडली नव्हती.

त्या मुलीचा नंबर अपॉइंटमेंटच्या वहीत होता. तिला फोन केला. ती घाबरली, आधी तिला कळेचना काय चुकलं. तिने दहा मिनिटांत फोटो काढून टाकला, माफी मागितली, मत तसंच ठेवलं. ती नसती सापडली तर खाजगीपणाच्या कारणाखाली कळवून वाट बघत बसावं लागलं असतं. राहिला प्रश्न नकाबवाल्या बाईंचा. त्यांना सांगायचं की नाही? बहिणीचं म्हणणं, फोटो निघाला, कुणी पाहिला नाही, कशाला त्यांच्या जिवाला घोर लावायचा. मी म्हटलं, त्यांचा चेहरा आहे, त्यांना कळलं पाहिजे. शेवटी ती स्वतः त्यांच्या घरी जाऊन सांगून आली. त्या ऐकून घेऊन एवढंच म्हणाल्या की आता मी दुपारी तीनच्या पुढे, कुणी नसताना येईन. आणि त्या तशाच येतात. आरशावर आता मराठीत आणि उर्दूत कागद चिकटवला आहे, की फोटो फक्त बाहेरच्या कोपऱ्यात, पांढऱ्या भिंतीसमोर काढावा.

आणखी एक मत सांगायचं राहिलं, तेही पाच ताऱ्यांचं. लिहिणाऱ्या काकू जुन्या गिऱ्हाईक, मनाने अगदी साध्या. त्यांनी लिहिलं : मुस्लिम असल्या तरी फार स्वच्छता आहे, वागणंही चांगलं.

‘जरी–तरी’ हे मी आठवीला संकेतबोधक उभयान्वयी अव्यय म्हणून शिकवते. जरी पाऊस पडला तरी सामना झाला. पहिल्या वाक्यात अडचण असते, दुसऱ्यात ती असूनही घडलेली गोष्ट. काकूंच्या वाक्यात अडचणीच्या जागी कोण बसलंय ते त्यांच्या लक्षातही आलं नसणार. एक तारा देऊन कुणी शिवी लिहिली असती तर ती कळवता आली असती. हे कळवायचं कुठल्या कारणाखाली? आणि काकूंना दुखवायचं कसं? दर संक्रांतीला त्या तिच्याकडे तिळगूळ घेऊन येतात.

मी दोन उत्तरं लिहून पाठवली. एक सौम्य होतं, एक जरा झोंबणारं. बहिणीने दोन्ही वापरली नाहीत. तिने पहिल्यांदाच स्वतः मराठीत लिहिलं, शुद्धलेखनाच्या तीन चुकांसकट : काकू, धन्यवाद. आपल्याकडे दर गिऱ्हाइकाला नवा दोरा आणि धुतलेला टॉवेल असतो, दोरा दातात धरत नाही. बुधवारी गर्दी कमी असते, या.

काकू बुधवारी आल्या. त्या शब्दाबद्दल कुणीच काही बोललं नाही. मत अजून तिथे आहे, आणि दुकानाच्या सरासरीत त्याचे पाच तारे धरले जातात.