टाळ्या आणि आसवे

सेमिनरीत आम्हांला प्रवचनकला शिकविणारे वृद्ध धर्मगुरू वर्गात शिरताच फळ्यावर तीन क्रियापदे लिहीत : शिकविणे, रिझविणे, हलविणे. वक्त्याची ही तीन कामे रोमन वक्ता सिसेरो याने सांगितलेली. पुढे संत आगस्टीन यांनी ती ख्रिस्ती शिकवणुकीविषयीच्या आपल्या ग्रंथाच्या चौथ्या भागात प्रवचनकारांसाठी स्वीकारली. आम्ही विद्यार्थी त्यांतले तिसरेच तेवढे मनात धरून होतो. श्रोत्यांना गदगदा हलवावे, ही त्या वयाची हौस! आवाज कोठे चढवावा, कोठे क्षणभर थांबावे, शेवटच्या बाकावरच्या माणसाकडे पाहून बोलावे म्हणजे शब्द सर्वांपर्यंत पोचतो, हे सारे आम्ही रिकाम्या प्रार्थनामंदिरात घोकले. त्या शिक्षणाला मी नावे ठेवीत नाही. आजही ते उपयोगी पडते.

गुरुदीक्षा होऊन चारेक वर्षे झाली असतील. माझ्या धर्मग्रामात दोन सख्खे भाऊ वाडीच्या बांधावरून आणि सामाईक विहिरीच्या पाण्यावरून कोर्टात गेले होते. एका रविवारी शुभवर्तमानाचा उतारा आला तो नेमका मत्तयच्या पाचव्या अध्यायातला : दान वेदीपाशी ठेव, आधी जाऊन आपल्या भावाशी समेट कर. मला वाटले, देवानेच संधी दिली. दोन रात्री जागून मी प्रवचन लिहिले, पाठ केले आणि थोरला भाऊ बसे त्या तिसऱ्या बाकावर नजर रोखून ते म्हटले. चर्चमध्ये टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता पसरली. मिस्सा संपल्यावर लोक ओट्यावर थांबले. “फादर, आज बोललात खरे!” असे म्हणत कित्येकांनी हात हातात घेतला. खोटे कशाला सांगू, दुपारचे जेवण मला फार गोड लागले.

पुढच्या रविवारी तिसरे बाक रिकामे होते. नाताळ आला तरी ते भरले नाही.

चर्चमध्ये फुले मांडणाऱ्या एका आजीबाईंनी शेवटी माझे डोळे उघडले. “फादर, तुम्ही बोललात ते बरोबरच होते. पण ते त्याला नाही सांगितलेत, त्याच्याबद्दल आम्हांला सांगितलेत.” त्या रात्री मी जपून ठेवलेला तो कागद काढून वाचला. आपली मराठी या बाबतीत मोठी श्रीमंत आहे. ‘आम्ही’ म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो, ‘आपण’ म्हटले की तो आत येतो. माझ्या तीन पानांत ‘आपण’ एकदाही नव्हते. ‘तुम्ही’ मात्र ओळीओळीला होते.

मग मी संत आगस्टीन पुन्हा उघडले. विद्यार्थिदशेत परीक्षेपुरता वाचलेला एक प्रसंग त्यांनी त्याच चौथ्या भागात नोंदविला आहे. मॉरेतानियातील सीझरिया म्हणजे आजच्या अल्जीरियातील शेर्शेल. तेथे वर्षातून एकदा गावाचे दोन तट पडत आणि काही दिवस एकमेकांवर दगडफेक चाले. त्यात भाऊ भावाला, मुलगा बापाला मारी. पिढ्यान्‌पिढ्यांची ती रीत होती. आगस्टीन 418 साली त्या नगरात होते. त्या लोकांसमोर ते पूर्ण ताकदीने बोलले. लोकांनी वाहवा केली, तेव्हा काही साधले असे त्यांना वाटले नाही. टाळ्यांवरून त्यांनी एवढेच ओळखले की बोलणे समजते आहे व आवडते आहे. लोक रडू लागले तेव्हा कोठे त्यांना आशा वाटली. हे लिहिताना त्या गोष्टीला आठ वर्षे वा अधिक काळ लोटला होता आणि तेथे पुन्हा तसे घडले नव्हते. मोजण्याचे माप पाहा : भाषणानंतरची दाद नव्हे, नंतरची आठ वर्षे.

याच आगस्टीन यांनी आत्मकथनात आपण स्वतः कसे वळलो तेही सांगितले आहे. 384 साली ते वक्तृत्वाचे अध्यापक म्हणून मिलानला गेले. संत अँब्रोज यांची प्रवचने ते केवळ भाषाशैली पारखण्यासाठी ऐकत. पण अँब्रोज यांच्यावर त्यांचा जीव जडला तो सत्याचा शिक्षक म्हणून नव्हे, तर परक्याशी मायेने वागणारा माणूस म्हणून. आशय मागाहून आत शिरला. मी नेमका उलट्या टोकाने निघालो होतो.

मी थोरल्याच्या घरी गेलो. पहिला अर्धा तास तो केळीच्या लोंगरांविषयीच बोलला. मी मुद्द्यावर आलो नाही. हे माझ्या स्वभावाला फार जड गेले. मग तो आपणहून बोलू लागला. बांध हे निमित्त होते. आईच्या अखेरच्या आजारात धाकट्याने निरोप उशिरा धाडला आणि आईची भेट हुकली, हा खरा सल होता. तीन पानांत मी त्या सलाच्या जवळपासही गेलो नव्हतो. निघताना मी म्हटले, “त्या रविवारी मी चुकलो.” तो काही बोलला नाही. पाम संडेला तो आला आणि शेवटच्या बाकावर बसला.

दावा मात्र चालूच राहिला. माझी बदली झाली.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी 2024 साली प्रवचन आठ मिनिटांपेक्षा लांबू नये असे सांगितले, तेव्हा आमच्या लोकांना झालेला आनंद मी लपवून ठेवणार नाही! माझ्या हाती मात्र घड्याळापेक्षा तो जुना कागद अधिक उपयोगी पडला आहे. प्रवचन लिहून झाले की त्यातला एकेक ‘तुम्ही’ मी तपासतो.

काही वर्षांनी थोरला वारला. निरोप घेऊन धाकटा स्वतः आला, इतक्या दूरवर. अंत्यविधीला मीच यावे अशी भावाची इच्छा होती, म्हणाला. दारात घुटमळला, मग हळूच म्हणाला, “फादर, थोडकेच बोला.”

मी चार मिनिटे बोललो. शवपेटीचा पुढचा खांदा धाकट्याचा होता.