पॉइंटांवर गोव्याची बोट

यवतमाळ जिल्ह्यातील माणसाचे समुद्राशी नाते फार दूरचे आहे. आमच्याकडे पाणी म्हणजे वर्धा, पैनगंगा, अरुणावती. आणि उन्हाळा कडक झाला की टँकर. मुंबईला जायचे तर आधी धामणगाव गाठून आगगाडी धरायची, किंवा ऐपत असेल तर नागपूरला जाऊन विमान. त्यामुळे २०२४ च्या पावसाळ्यात आमच्या धर्मग्रामातील एक शिक्षक दांपत्य मिस्सानंतर माझ्याकडे आले आणि संत फ्रान्सिस झेविअर यांच्या दर्शनाला आपण बोटीने, तेही क्रेडिट कार्डाच्या पॉइंटांवर, जाणार असल्याचे सांगू लागले, तेव्हा मला प्रथम गंमत वाटली. मग कुतूहल वाटले. पुढे त्याच कार्डाच्या दुसऱ्या बाजूशी माझी गाठ पडली, म्हणून हा लेखनप्रपंच.

संतांच्या पवित्र अवशेषांचे दर्शन दर दहा वर्षांनी घडते. या वेळचा सोहळा २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात जुन्या गोव्यात झाला. आमच्या विदर्भातून लोक बहुधा बस ठरवून किंवा रेल्वेने जातात. बोटीची कल्पना या दोघांना सुचली ती मुंबईहून सुटणाऱ्या कॉर्डेलिया कंपनीच्या ‘एम्प्रेस’ या जहाजामुळे. हे जहाज १९९० साली फ्रान्समध्ये बांधले गेले, पुष्कळ वर्षे परदेशी पाण्यात फिरले आणि २०२१ पासून आपल्या किनाऱ्यावर आले. त्यावर पोहण्याचा तलाव आहे, नाटकगृह आहे आणि जुगारगृहही आहे. संतदर्शनाला निघालेल्यांनी जुगारगृहावरून जावे हे मला थोडे विचित्र वाटले, आणि तसे मी बोललोही. “फादर, आम्ही त्या मजल्यावर पाऊल टाकणार नाही,” असे बाईंनी मला सांगितले. जुन्या पिढीतील मुंबईकर व गोवेकर ज्या बोटींच्या आठवणी सांगतात त्या ‘कोकण सेवक’ आणि ‘कोकण शक्ती’ यांवर डेकवर चटई पसरून, पोराबाळांसह रात्र काढावी लागे. प्रवास तोच, त्याला ‘क्रूझ’ हे नाव मिळाले आणि भाडे बदलले.

गुरुजी गणिताचे शिक्षक आहेत, त्यामुळे त्यांचा हिशेब वहीत होता. दोन वर्षे घरचा किराणा, मुलीची फी, औषधे, विजेचे बिल असा महिन्याला सुमारे ४०,००० रुपयांचा खर्च त्यांनी कार्डावर केला. जो खर्च एरवी होणार नव्हता तो एक रुपयाचाही केला नाही. पेट्रोल, घरभाडे, विमा अशा काही खर्चांवर अनेक बँका पॉइंट देत नाहीत किंवा कमी देतात, हे त्यांनी अटींच्या बारीक अक्षरांतून आधीच शोधले होते. शंभर रुपयांच्या खरेदीमागे साधारण एक रुपयाचा लाभ पडला. दोन वर्षांत ९,६०० रुपये झाले. ठरावीक खर्चाचा टप्पा ओलांडल्याबद्दल ४,००० रुपयांची कुपने मिळाली, नवे कार्ड घेताना स्वागताचे २,००० मिळाले. वार्षिक शुल्कही त्या टप्प्यामुळेच माफ झाले. एकूण १५,६०० रुपये. दोघांच्या बोटभाड्याचा हा जवळजवळ तिसरा हिस्सा. ‘फुकट’ हा शब्द त्यांनी त्यानंतर कधी वापरला नाही.

यात एक मेख होती. पॉइंट देऊन बोटीचे तिकीट थेट मिळेना. तेव्हा पॉइंटांतून त्यांनी मुंबईतील एका रात्रीचा मुक्काम आणि मुंबई-नागपूर परतीचे विमान काढले, आणि तेथे वाचलेले रोख पैसे बोटीकडे वळवले. पॉइंटांच्या बदल्यात मिक्सर किंवा सुटकेस घेतली की त्यांची किंमत पुष्कळदा निम्म्यावर येते. प्रवासासाठी वापरले तर पुरती मिळते. तेच पॉइंट विमान कंपनीच्या खात्यात वळवता येतात, पण एकदा वळवले की परत आणता येत नाहीत. म्हणून तारीख आणि आसन नक्की झाल्याखेरीज ते वळवू नयेत. पॉइंटांना मुदत असते, आणि बँक त्यांचे मोल अधूनमधून घटवते. धान्याची साठवण करावी तशी पॉइंटांची करू नये, असे गुरुजींचे मत पडले, आणि मला ते पटले.

बोटीच्या जाहिरातीतील भाडे हे एका माणसाचे आणि खोलीत दोघे राहतील असे धरलेले असते. बंदराचे शुल्क, कर आणि कर्मचाऱ्यांची बक्षिसी त्यावर चढते. परदेशी जहाज असेल तर कार्डावर परकीय चलनाचा अधिभार लागतो. बहुतेक कार्डांवर तो साडेतीन टक्क्यांपर्यंत असतो आणि त्यावर १८ टक्के कर. एक टक्का कमावण्यासाठी चार टक्के घालवणारे प्रवासी कमी नाहीत. शिवाय जहाजावर चढल्यानंतर पेये, इंटरनेट, बंदरावरील सहली हे सारे वेगळे. या दोघांनी घरून लाडू-चिवडा नेला होता, हे मी त्यांची क्षमा मागून लिहीत आहे.

बक्षिसीत मात्र कोणी काटकसर करू नये, असे मी त्यांना आधीच बजावले होते. जगभरच्या अशा जहाजांवर खोल्या झाडणारे, ताटे वाढणारे, इंजिनाशी राबणारे लोक हजारोंनी आहेत, आणि त्यांत गोव्यातील आपले कॅथलिक बांधव पिढ्यान्‌पिढ्या आहेत. १९२० साली ग्लासगो येथे सुरू झालेले ‘स्टेला मारिस’ हे ख्रिस्तसभेचे कार्य अशाच दर्यावर्दींसाठी चालते. महिनोन्‌महिने घर न पाहणाऱ्या त्या माणसांच्या ताटात आपली बचत शिरता कामा नये.

सवलतींचा विषय निघाला की मला स्वतः संत झेविअर आठवतात. ७ एप्रिल १५४१ रोजी ते लिस्बनहून ‘सान्तियागो’ जहाजावर चढले आणि मोझांबिकात मुक्काम पडून, ६ मे १५४२ रोजी गोव्याला उतरले. तेरा महिन्यांचा प्रवास! ते राजाच्या इच्छेने निघालेले, पोपचे प्रतिनिधी. त्यामुळे त्यांच्या पदाला शोभेल असा नोकर बरोबर द्यावा, असा राजाच्या अधिकाऱ्याचा आग्रह होता. त्यांनी तो मानला नाही. आपले कपडे आपण धुऊ, आपले अन्न आपण शिजवू, असे सांगितले. प्रवासात त्यांच्यासाठी अन्न येई गव्हर्नरांच्या पंक्तीतून, आणि ते जाई आजाऱ्यांच्या तोंडी. गुरुजींना मी हे सांगितले ते टोचण्यासाठी नव्हे. पूर्ण बिल वेळेवर भरून, कष्टाच्या पगारातून चार पैसे वाचवून कोणी देवदर्शनाला बोटीने गेले तर त्यात मला दोष दिसत नाही. माझा प्रश्न निराळा होता. ही सवलत येते कोठून?

थोडी येते दुकानदाराकडून. कार्डाने घेतलेल्या पैशांतून बँकेचा हिस्सा कापला जातो, म्हणूनच आमच्या दत्त चौकात “कार्ड असेल तर दोन टक्के वर” असे ऐकू येते. आणि मोठा भाग येतो तो ज्यांना पूर्ण बिल भरता येत नाही त्यांच्याकडून. कार्डाचे व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे वर्षाला चाळीस टक्क्यांच्या वर जाते. एकदा बाकी राहिली की नव्या खरेदीवरील बिनव्याजी मुदतही संपते. २००८ साली राष्ट्रीय ग्राहक आयोगाने वर्षाला ३० टक्क्यांहून अधिक व्याज ही अनुचित प्रथा ठरवली होती. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. अमेरिकेत या धंद्याच्या बोलीत दरमहा पूर्ण पैसे चुकते करणाऱ्या गिऱ्हाइकाला ‘डेडबीट’, म्हणजे बुडवा, म्हणतात म्हणे. विनोद असेल, पण हिशेब खरा आहे.

हा हिशेब मला शिकवला तो एका तरुणाने. तो गुरुजींचा नातेवाईक, नागपूरला कंत्राटी नोकरी, पगार २२,००० रुपये. त्याने मला हे पापनिवेदनात नव्हे, कार्यालयात सांगितले आणि लिहिण्यास परवानगी दिली. गुरुजींच्या बोटीचे वर्णन ऐकून त्याने आईवडिलांना आणि बायकोला त्याच दर्शनाला, त्याच थाटात न्यायचे ठरवले. हेतू किती चांगला! कार्ड फोनवरच मंजूर झाले. तिकिटे, हॉटेल, कपडे मिळून बाकी ८०,००० झाली. तिच्यावर पॉइंट मिळाले आठशे रुपयांचे. पहिल्या महिन्याचे व्याज २,८०० आणि त्यावर कर ५०४. बिलावर ठळक अक्षरांत छापलेली ‘किमान रक्कम’ होती ४,०००, आणि तेवढीच भरायची असते असे त्याला वाटले. चार हजारांतून मुद्दल फिटले जेमतेम सातशे रुपये. आठ महिने तो प्रामाणिकपणे भरत राहिला. मग एक महिना पगार थकला, आणि वसुलीचे फोन त्याच्या म्हाताऱ्या वडिलांना येऊ लागले.

त्याचे वडील शेतकरी आहेत. त्यांच्याकडेही क्रेडिट कार्ड आहे, पण ते किसान क्रेडिट कार्ड, १९९८ साली सुरू झालेल्या योजनेतले. पीककर्ज सात टक्क्यांनी मिळते, वेळेवर फेडले तर केंद्राची तीन टक्के सवलत, आणि उरलेले व्याज राज्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाच्या योजनेतून माफ. तीन लाखांपर्यंत व्याज शून्य. या जिल्ह्यात हाच खरा ‘रिवॉर्ड’. पण तोही वेळेवर भरणाऱ्यालाच. कापूस उशिरा निघाला, भाव पडला, मुदत टळली की सवलत जाते. आणि खाते थकले की पुढच्या हंगामाचे कर्ज अडते आणि माणूस सावकाराच्या ओट्यावर बसतो. आमच्या जिल्ह्यातील किती अंत्यविधींच्या मागे असा एखादा चुकलेला हप्ता असतो, हे येथील कोणत्याही धर्मगुरूला विचारावे. म्हणून मुलाच्या कार्डाचा फोन आला तेव्हा त्या वृद्धाची पहिली भीती रकमेची नव्हती. “फादर, पोरगा काही करून घेणार नाही ना?” एवढेच ते विचारत होते.

ख्रिस्तसभेने व्याजाविषयी शतकानुशतके कठोर भाषा वापरली आहे. १७४५ साली पोप चौदावे बेनेडिक्ट यांनी त्यावर खास परिपत्रक काढले. पण नुसत्या निषेधाने गरजूचे भागत नाही, हे फ्रान्सिस्कन बंधूंनी त्याआधीच ओळखले होते. १४६२ साली इटलीतील पेरुजा येथे त्यांनी गरिबांसाठी तारणपेढी काढली. वस्तू तारण ठेवून अल्प दराने कर्ज मिळे, आणि १५१५ साली लॅटरन परिषदेने असा खर्चापुरता आकार मान्य केला. सेमिनरीत हे मी परीक्षेसाठी पाठ केले होते. त्या तरुणासमोर बसल्यावर ते उपयोगी पडले.

त्याच्या आईचा गोफ होता. तो एका सरकारी बँकेत तारण ठेवला, वर्षाला दहा टक्क्यांच्या आतबाहेरचे कर्ज घेतले, आणि गुरुजींनी उरलेली तूट बिनव्याजी भरून कार्डाची बाकी एकदम चुकती केली. तडजोडीने कमी रक्कम भरण्याचा प्रस्तावही वसुलीवाल्यांनी ठेवला होता. पण त्याची नोंद कर्जाच्या इतिहासात राहते आणि पुढे घरकर्ज अडते, म्हणून तो नाकारला. बाकी शून्य असेल तर मागणी केल्यापासून सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करणे रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांनुसार बँकेवर बंधनकारक आहे, नाहीतर दिवसाला ५०० रुपये दंड. अर्ज मीच लिहून दिला. त्यात नियमाचा उल्लेख केल्यामुळे असेल, उत्तर पाचव्या दिवशी आले.

अर्ज पाठवण्यापूर्वी त्याने मला विचारले, “फादर, खात्यात अजून पॉइंट आहेत, कार्ड बंद केले की बुडतील. काय करू?” मी म्हटले, तुझे आहेत, घे. त्याने किराण्याचे कुपन घेतले, तूरडाळ आणि तेल आणले, आणि मग कात्री मागितली. गोफ अजून बँकेतच आहे. दोन हप्ते उरले आहेत.