पोट माझे, शिकणारे दोघे

गेल्या पावसाळ्यात आमच्या इनामगावच्या दवाखान्यात पंच्याहत्तरी ओलांडलेले एक आजोबा आले आणि बाकावर टेकण्यापूर्वीच त्यांनी तक्रार मांडली. लघवी अडखळते म्हणून मीच त्यांना पुण्यातील एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात सोनोग्राफीसाठी धाडले होते. तेथे एका मुलीने पोटावर यंत्र फिरवले आणि शेजारी उभा असलेला मुलगा ‘अजून जरा तिरपं धर’ असे तिला सांगत राहिला. मोठे डॉक्टर नंतर आले व त्यांनी सारे पुन्हा पाहिले. “दोघंही पोरंच, डॉक्टर. पोरगं पोरीला शिकवणार आणि पोट माझं?”

या तक्रारीत दोन गोष्टी एकत्र गुंतल्या आहेत. त्या सोडवून पाहू.

सोनोग्राफीचे चित्र छातीच्या एक्स-रेप्रमाणे एका क्षणात उमटत नाही. ते हाताने शोधावे लागते. कानाला ऐकू न येणारा ध्वनी शरीरात जातो व परततो. लघवीने भरलेले मूत्राशय पडद्यावर काळे दिसते. खडा पांढरा चमकतो आणि मागे काळी सावली टाकतो. हवा मात्र ध्वनीला अडवते, म्हणूनच तो थंडगार जेल लावतात. हात बोटभर कलला की समोरचे मूत्रपिंड नाहीसे होते. (आमच्या गावच्या मातीखाली काय दडले आहे, हे पाहण्यासाठी डेक्कन कॉलेजच्या मंडळींना १९६८ पासून १९८३ पर्यंत उत्खनन करावे लागले. माणसाच्या पोटात न खणता डोकावता येते, पण हात तितकाच सावध हवा.)

हा हात पुस्तकातून येत नाही. प्राध्यापकांना तो येऊन तीस वर्षे झालेली असतात; आपण कोठे चुकत होतो, हे त्यांना आठवतही नाही. वरच्या वर्गातील मुलगा मात्र गेल्याच वर्षी तेथे अडखळलेला असतो. जर्मनीतील अनेक विद्यापीठांत असे विद्यार्थी आधी तयार करून, त्यांच्याकडे धाकट्यांना सोनोग्राफीचे पहिले धडे सोपवतात. धाकटे प्रथम एकमेकांच्याच पोटावर सराव करतात.

मी स्वतः असाच शिकलो. वाढलेली प्लीहा हाताला लागते का, असे सरांनी विचारले तेव्हा काहीही न लागता मी ‘हो’ म्हणालो होतो. रात्री एका वरिष्ठ मित्रापाशी कबुली दिली. तो म्हणाला, “तू तिच्यामागे धावतोस. हात स्थिर ठेव, रुग्णाला खोल श्वास घ्यायला सांग, ती तुझ्याकडे येईल.” आणि आली! सरांपुढे ही कबुली देण्याचे धैर्य मला झाले नसते.

पण सोबती आपल्या चुकाही तितक्याच प्रेमाने शिकवतो. लघवी करून आल्यावर मूत्राशयात किती उरते, या एका मापावर आजोबांचे पुढचे उपचार ठरू शकतात. म्हणून मोठ्या डॉक्टरांनी पुन्हा पाहिले, ते योग्यच झाले. आपला कायदाही येथे कडक आहे. गर्भलिंगनिदानाविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशात सर्वप्रथम कायदा केला, पुढे १९९४ मध्ये केंद्राचा आला. सोनोग्राफी यंत्राची आणि जागेची नोंदणी लागते. मुलांना ते पिशवीत घालून वसतिगृहावर नेता येत नाही. २०१४ च्या नियमांनी माझ्यासारख्या एमबीबीएस डॉक्टरालाही त्यासाठी सहा महिन्यांचे, ३०० तासांचे प्रशिक्षण सांगितले. ते मी घेतलेले नाही. म्हणून तर आजोबांना पुण्याची वाट धरावी लागली.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर. आजोबांना कोणी विचारलेच नव्हते. तेथे विद्यार्थी असतील, हे चिठ्ठी लिहिताना मीही सांगितले नाही. तो दोष माझा.

तेव्हा आपल्या घरातील वृद्धांना अशा ठिकाणी नेताना एवढे ध्यानी ठेवा. विद्यार्थ्यांच्या सरावाला ‘नको’ म्हणता येते आणि त्यामुळे उपचार थांबता कामा नयेत. शेवटी कोण पाहणार व अहवालावर कोण सही करणार, हे निःसंकोच विचारा. तुडुंब भरलेल्या मूत्राशयावर सराव नको. आवश्यक मापे झाली, लघवी करून आले, मग खुशाल शिकावे. ज्यांना आडवे पडताच धाप लागते, त्यांना दहा मिनिटे अधिक निजवणे ही क्षुल्लक बाब नव्हे. आणि स्मृतिभ्रंश झालेल्या आजींनी यंत्राचा हात दूर लोटला, तर तो त्यांचा नकारच समजावा, मग कागदावर मुलाची सही असो.

पुढच्या तपासणीची चिठ्ठी देताना मी आजोबांना हे सारे सांगितले आणि विचारले, या खेपेस मुलांना करू द्याल का? त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, थोडा वेळ घेतला. “पोरीला करू दे,” ते म्हणाले. “हात हलका होता तिचा. पण त्या पोराला म्हणावं, तिला सांगायच्या आधी माझ्याशी बोल.”