बागेतील सोबती

रत्नागिरीला परदेशी माणसांचा सहवास नवा नाही. ब्रह्मदेशचा पदच्युत राजा थिबा याला इंग्रजांनी १८८६ साली येथे आणून ठेवले आणि १९१६ साली येथेच त्याचा अंत झाला. १९१० साली बांधून झालेला त्याचा राजवाडा आजही पाहावयास मिळतो. आता रत्नागिरीत वस्तीला येणारे परदेशी राजे नव्हेत आणि बंदीही नव्हेत. ते आहेत आंब्याच्या बागा राखणारे नेपाळी कामकरी. त्यांचा राजवाडा म्हणजे सड्यावरचे पत्र्याचे खोपट, आणि त्यांचा परिवार म्हणजे पुष्कळदा एक कुत्रा.

पावसाळा संपला, की ही माणसे नेपाळच्या डोंगराळ मुलुखातून कोकणची वाट धरतात. गवत काढणे, औषध फवारणे, कलमांना मोहोर आला की त्याला जपणे आणि फळ धरले की रात्रंदिवस राखण करणे, ही त्यांची कामे. दिवसा वानरांच्या टोळ्या फळांवर तुटून पडतात. रात्री चोराचिलटांचे भय असते. बाग गावापासून दूर असते. सूर्य मावळला, की सड्यावर माणसाचा शब्द ऐकू येत नाही. घर शेकडो कोस मागे राहिलेले आणि भोवतालची भाषा अपुरी समजणारी. अशा वेळी राखणदाराला भाकरीइतकीच सोबतीची गरज भासते.

ही सोबत त्याला विकत आणावी लागत नाही. कोणीतरी रस्त्याच्या कडेला टाकलेले एखादे पिल्लू शिजत्या भाताच्या वासाने खोपटाशी येते. पहिल्या दिवशी ते दूर बसते. दुसऱ्या दिवशी चार पावले पुढे सरकते. तिसऱ्या दिवशी त्याला नाव मिळते, आणि नाव मिळाले की ते अनाथ राहत नाही. राखणदार त्याच्याशी आपल्या मायबोलीत बोलतो, कारण तिथे ती बोली ऐकणारे दुसरे कोणी नसते. कोकणच्या मातीत जन्मलेले ते पिल्लू थोड्याच दिवसांत नेपाळी हाक ओळखू लागते.

मोठा झालेला कुत्रा खाल्ल्या अन्नाला जागतो. वानरांची चाहूल त्याला माणसाच्या आधी लागते. अंधारात पाचोळा वाजला, तर तो भुंकून साऱ्या बागेला जागे करतो. पण रक्षण एकतर्फी नसते. कोकणातील बिबट्याला कुत्रा हे आवडते भक्ष्य आहे. म्हणून जाणता राखणदार रात्र वाढली की त्याला खोपटात घेतो. दोघेही एकमेकांचे राखणदार होतात.

नेपाळात दिवाळीच्या सणाला तिहार म्हणतात. त्याचा पहिला दिवस कावळ्याचा आणि दुसरा कुत्र्याचा. आपल्याकडे नरकचतुर्दशीचे अभ्यंगस्नान चालते, त्याच सुमारास तिकडे कुत्र्याच्या कपाळी टिळा लावतात, गळ्यात फुलांची माळ घालतात आणि त्याला गोडधोड खाऊ घालतात. कुत्रा हा यमाचा दूत, अशी त्यांची श्रद्धा आहे. आपल्यालाही हा भाव परका नाही. दत्तात्रेयाच्या पायांशी चार श्वान असतात. आणि सोबत आलेल्या कुत्र्याला टाकून स्वर्गात जाण्यास युधिष्ठिराने नकार दिला, अशी कथा महाभारत सांगते.

युधिष्ठिरापुढे पडलेला तो प्रश्न दर वर्षी मृगाच्या तोंडाशी या बागांतूनही उभा राहतो. शेवटचे आंबे उतरतात, पेट्या रवाना होतात, हिशेब होतो आणि राखणदार गाठोडे बांधतो. त्याला जाण्यास अडचण नाही. १९५० च्या करारामुळे भारत व नेपाळ यांच्यामधील सीमा दोन्हीकडच्या लोकांना मोकळी आहे. कोकण रेल्वे, मग उत्तरेकडची गाडी, मग गोरखपूर, मग सुनौलीचे नाके, आणि पुढे पुन्हा डोंगरातील मोटार. मात्र कुत्र्याला साध्या डब्यात बसू देत नाहीत. त्याची नोंदणी करून त्याला गार्डाच्या डब्यातील पिंजऱ्यातून न्यावे लागते. दर वेळी गाडी बदलताना हे सारे पुन्हा करणे गरीब माणसाच्या आवाक्याबाहेरचे असते. मग एका पहाटे खोपटाला कडी लागते. कुत्रा वाटेपर्यंत येतो, आणि मोटार निघून जाते.

येथे दोष एकट्या राखणदाराच्या माथी मारणे न्यायाचे नव्हे. त्या कुत्र्याच्या जागरणाचे फळ बागेच्या धन्यानेही पेटीत भरलेले असते. म्हणून हंगामाच्या अखेरीस जसा मजुरीचा हिशेब होतो, तसा कुत्र्याचाही व्हावयास हवा. पावसाळ्यात त्याला दोन वेळा कोण घालणार, तो निजणार कोठे, हे जाण्याआधी ठरले पाहिजे. ज्याच्याकडे तो राहावयाचा, त्याची ओळख आठ दिवस आधी करून दिली, तर कुत्रा बिथरत नाही. पिल्लू तीन महिन्यांचे झाले की त्याला रेबीजची लस टोचून घ्यावी आणि पुढे दर वर्षी ती द्यावी. कारण हा रोग जडल्यावर त्यातून क्वचितच कोणी वाचतो. पाळलेला प्राणी उपाशी तडफडेल अशा स्थितीत विनाकारण सोडून देणे हा १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यान्वये अपराध आहे.

कायदा धाक घालू शकतो. पण आपुलकी त्याआधीची आहे. परमुलखात एकट्या पडलेल्या माणसाने एका निराधार जीवाला जवळ केले, यात त्याचे मोठेपण खरेच. परंतु जवळ करणे हा एका दिवसाचा उपकार नव्हे. ते दिलेले वचन असते. स्वतःला ते पाळणे अशक्य झाले, तर ते दुसऱ्या विश्वासू हाती सोपवणे, हेही वचन पाळणेच होय. ज्या बागेत अशी तजवीज झालेली असते, तेथे पावसाळा सरल्यावर परतलेल्या राखणदाराची चाहूल सर्वांआधी कोणाला लागते, हे सांगावयास नको.