सात हालीला सहा

बी.कॉम.ला जगातल्या सगळ्या आर्थिक मंद्या मला तोंडपाठ होत्या. १८६५ साली अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं, कापूस कोसळला आणि मुंबईत बॅकबेच्या शेअरवर उड्या टाकणारे शेठजी डोक्याला हात लावून बसले. प्रेमचंद रायचंदसुद्धा बुडाले. १९२९ झालं, १९९१ ला देशाचं सोनं गहाण पडलं. एवढ्या भांडवलावर मी बँकेत चिकटलो आणि २०१६ साली लातूरच्या शाखेत कॅश काउंटरवर बसलो होतो.

ते साल लातूरकर विसरायचे नाहीत. एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा घागरी घेऊन रांग. नोव्हेंबरात नोटा रद्द झाल्या, तेव्हा झेरॉक्स घेऊन रांग. माणसं तीच. एकानं तर सवयीनं विचारलं, "आज किती वाजेपर्यंत सोडणार?"

त्या रांगेत एके दिवशी आमच्या मातोश्री! नांदेडहून पहिल्या एसटीनं आलेल्या.

"आई, नांदेडला बँका नाहीत का?"

"हायेत की. पण तिथं समदे तुझ्या बाबांच्या ओळखीचे."

पाचशेच्या सतरा नोटा. नोटांना तुरीच्या डाळीचा वास. खात्यात भर म्हणावं, तर खातं दोघांच्या नावावर, आणि बाबा पासबुक पोथीसारखं वाचतात. मर्यादा तेव्हा साडेचार हजारांची. नऊ नोटा मी बदलून दिल्या. उरलेल्या आठ दुसऱ्या दिवशी बायकोनं रांगेत उभं राहून बदलल्या.

"पण साठवलेस कशाला?"

"तुझ्या बँकेचं काही बरंवाईट झालं तर!"

मग तिनं हळूच एक पुरचुंडी सरकवली. आत चारमिनार छापलेले चांदीचे सात रुपये. निजामाचा हाली सिक्का! सात हालीला सहा कलदार, असा हिशेब असे. १९४८ साली निजामाचं राज्य गेलं, पुढं हालीही गेला. आजीनं हे बदललेच नाहीत. बदलायचे तर आजोबांच्या हाती द्यावे लागले असते.

"तुझ्या आजीचं राहूनच गेलं. आता तू खिडकीवर हायेस, तर बघ."

"आई, हे चालत नाहीत आता."

"पुरे नको देऊस. सहा तरी दे."

मागचा शेतकरी वाकून बघत होता. तो दचकला. "साहेब, हे बी बंद केले का?"

मी गुपचूप खिशातून सहा रुपये काढून दिले. आईनं ते मोजून घेतले.

हाली घरी आणले. बायकोनं ते कुठल्या डब्यात ठेवले, मी अजून विचारलेलं नाही.